वण धरणारी कातडी

आधीच सांगून ठेवते, ह्या गोष्टीत मी बिचारी नाही. आजारपणावर लिहिणाऱ्या बायका बहुतेक सोसणाऱ्या असतात. मी सोसलं कमी आणि फोडलं जास्त. कुणाला ह्यातून काही उपयोग झाला तर बरंच आहे, नाही झाला तर निदान एकदा खरं बोलून तरी होईल.

साल दोन हजारच्या आसपासचं. आम्ही शारजात राहायचो. मी उज्ज्वला, वय एक्केचाळीस, बर दुबई भागातल्या एका शिपिंग ऑफिसात अकरा वर्षं रिसेप्शनवर. नवरा सुधीर ड्राफ्ट्समन. मुलगी केतकी चौदा वर्षांची, जन्मापासून इथलीच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

ऑफिसात नवा मॅनेजर आला आणि एका रविवारी (इथे सुट्टी शुक्रवारची) माझं टेबल आत, फायलींच्या कपाटामागे गेलं. माझ्या जागी पंचविशीची एक मुलगी बसली. कारण कुणी सांगितलं नाही. मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन आरशात बघितलं आणि कारण मला दिसलं. गालफडं बसली होती. उन्हाने, एसीने, वयाने, कशाने का होईना, चेहरा आत गेला होता. मला इतका राग आला की मी पेपर टॉवेलचा डबा भिंतीवरून उपटायला गेले. तो निघाला नाही, माझं नख निघालं.

डॉक्टर मॅडम

शारजातल्या रोला बाजाराच्या मागे तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट होता. बाहेरच्या खोलीत थ्रेडिंग, फेशियल, केस कापणं. आतल्या खोलीत इंजेक्शन. बाई आपल्याच मुंबईची, सगळ्या तिला डॉक्टर मॅडम म्हणायच्या. कशाची डॉक्टर, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही विचारलं.

"एकदाच करायचं, कायमचं काम," ती म्हणाली. "परत परत यायची कटकट नाही."

तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. कसली ॲलर्जी आहे का, आधी काही ऑपरेशन झालंय का, काही नाही. मला त्याचं उलट बरं वाटलं. चौकशा न करता काम करणारी माणसं हुशार असतात असा माझा तेव्हा समज होता. ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

तीन महिने झकास गेले. गाल भरले. महाराष्ट्र मंडळाच्या बायका म्हणाल्या, "उज्ज्वला, तब्येत सुधारली गं!" मॅनेजरने काही टेबल परत दिलं नाही, पण मी त्याच्यासमोरून मान वर करून जायला लागले.

नोव्हेंबरात डाव्या गालात हरभऱ्याएवढी गाठ लागली. महिन्याभरात डावीकडे तीन, उजवीकडे दोन. वरची कातडी जांभळट लाल आणि एसीतसुद्धा गरम.

जुलैत दाखवू

आम्हा गल्फमधल्या माणसांना एक खोड आहे. दात किडो, पित्ताशयात खडे होवोत, मूळव्याध रक्त ओको, आम्ही म्हणतो, "सुट्टीत इंडियात दाखवू." सगळी दुखणी बॅगेत भरून जुलैत घेऊन जायची. इथला डॉक्टर परका, इथलं बिल परकं, आणि इथे ऑपरेशन केलं तर रजा संपली म्हणून नोकरी जायची भीती. त्यात मी मिरजेची. मिरजेचा माणूस दुसऱ्या गावच्या डॉक्टरच्या हातात नाडीसुद्धा देत नाही.

"अगं, इथे कुणाला तरी दाखवू," सुधीर म्हणायचा.

"आठ महिने राहिलेत. मिरजेला दाखवीन."

त्या काळात मी घरी काय काय केलं ते लिहायला लाज वाटते. मिठाची गरम पुरचुंडी केली. ती पुरेना म्हणून स्टीलची वाटी गॅसवर धरून गालाला लावली. कातडी भाजली. मग चिंचेतून चिंचोका काढावा तशी गाठ दोन अंगठ्यांमध्ये धरून दाबायची. नखाखालून रक्त यायचं, गाठ जागची हलायची नाही. एकदा ऑफिसच्या टॉयलेटमध्ये मी स्वतःच्या गालावर इतक्या जोरात मारायला लागले की बाहेर उभ्या असलेल्या फिलिपिनो सहकारिणीने दार ठोठावलं.

"सिस्टर, यू ओके? समबडी हिटिंग यू?"

"नोबडी," मी म्हणाले.

दाबून, शेकून, मारून जे झालं ते आठ महिने थांबलं नसतंच. जानेवारीत एका गाठीवरची कातडी चकाकायला लागली, तेव्हा मी पुन्हा त्याच बाईकडे गेले. दुसरं कोण माहीत होतं?

बाटल्या

तिने गाठी "वितळवायला" दुसरं इंजेक्शन दिलं. पाच आठवड्यांनी गाठी होत्या तिथेच होत्या, आणि त्यांच्या शेजारची चांगली जागा खाली बसली. डाव्या गालात बोट मावेल असा खड्डा, वर कागदासारखी पातळ कातडी, आतल्या शिरा दिसणारी. आगीतून फुफाट्यात.

पुढच्या शुक्रवारी मी सुधीरला घेऊन गेले. बाहेर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मॅडमने त्यांच्यादेखत माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "तुमची स्किनच खराब आहे हो. बाकी कुणाला असं होत नाही."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माझा हात तिच्या फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. बाटल्या, बरण्या, काचेचा एक फ्लॉवरपॉट, सगळं खाली. एका बाईने किंचाळून खुर्चीवर पाय घेतले. मी मॅडमचे केस मुठीत धरून तिला आतल्या खोलीत ओढत नेलं आणि ट्रेमधली सिरिंज उचलली.

"बस खाली. तुझ्या गालात घालते हे. बस!"

सुधीरने मागून माझं मनगट धरलं. माझं कोपर त्याच्या तोंडावर बसलं, चष्मा फुटला, भिवईतून रक्त आलं. तरी त्याने मनगट सोडलं नाही.

"उज्जू, सोड! तिघांचा व्हिसा जाईल! केतकीची शाळा आहे!"

मॅडम जमिनीवरून म्हणाली, "बोलवा ना पोलीस. कोण आधी आत जातं ते बघू."

ती खरं बोलत होती. तिच्याकडे लायसन नव्हतं आणि माझ्या हातात सिरिंज होती. दोघींपैकी कुणालाच पोलिसांत जाता येणार नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खाली उतरताना सुधीर म्हणाला की तू काही खरंच टोचलं नसतंस. मी टोचलं असतं. हे मला माहीत आहे.

अल ऐन

सुधीरने ऑफिसातून एका सर्जनचं नाव आणलं. अल ऐन शहरातल्या हॉस्पिटलात बसणारे डॉक्टर इम्तियाज, मूळ कराचीचे, साठीचे. माझ्या गालांवरून ते किती तरी वेळ बोटं फिरवत राहिले. माझ्या त्या चेहऱ्याला कित्येक महिन्यांत कुणी इतक्या हळू हात लावला नव्हता, मी स्वतःसुद्धा.

"ये सूजन नहीं है, बेटी. सिलिकॉन है, और आपका बदन उससे लड़ रहा है. आटे में नमक मिल गया है. अब चुनकर कैसे निकालूँ?"

"काट डालिये," मी म्हणाले. "आज ही."

"काटूँगा तो निशान पड़ेगा. कैसा पड़ेगा, वो आपकी चमड़ी पर है. पहले कोई निशान कभी मोटा हुआ है? ऑपरेशन का, जलने का?"

"नहीं. कभी नहीं."

माझ्या पोटावर सिझेरियनचा वण आहे. केतकीच्या वेळचा. तो बोटाएवढा जाड झालेला आहे, गुळगुळीत, जांभळा, टाक्यांच्या दोन्ही बाजूंनी पाय फुटल्यासारखा. चौदा वर्षं तो खाजत होता. डॉक्टरांनी काय विचारलं ते मला पूर्ण कळलं होतं. पण खरं सांगितलं तर हा माणूस सुरी खाली ठेवेल हेही कळलं होतं, आणि मला सुरी हवी होती.

"सर," सुधीर म्हणाला, "इनका डिलिव्हरी का जो निशान है—"

"तू गप्प बस."

"नाही बसणार. सर, वो बहुत मोटा हुआ है."

सिस्टर लिसी नावाच्या केरळच्या नर्सने पडदा ओढला. डॉक्टरांनी पोट बघितलं, हात धुतले आणि खुर्चीवर बसले. "चेहरे पर मैं नहीं काटूँगा. ये चीज़ पेट पर है तो कपड़े के नीचे है. गाल पर हुई तो गाँठ से बड़ी होगी."

लोक विचारतात, निदान झालं तो दिवस कसा होता. गाठींचं निदान मला आधीच झालं होतं. माझं खरं निदान हे होतं, की दुरुस्ती करायला जावं तर माझीच कातडी ती दुरुस्ती उधळून लावणार.

त्यांनी एक मार्ग काढला. कानाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी छोटासा काप, दोन टाके. तीन महिने थांबून तो कसा भरतो ते बघायचं. गाठींना अगदी थोडं थोडं औषध. "और इन तीन महीनों में हाथ नहीं लगाना. बिल्कुल नहीं."

परतीच्या रस्त्यावर मी चालत्या गाडीत सुधीरला मारलं. आधी रिपोर्टच्या फाईलने, मग पर्सने, मग हाताने. खांद्यावर, कानावर. गाडी एकशेवीसच्या वेगात होती. त्याने ती कडेला वाळूत घेतली, इंजिन चालू ठेवलं, एसी चालू ठेवला, आणि स्वतः बाहेर उन्हात माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी डॅशबोर्डवर मारत राहिले. हात दुखायला लागले तेव्हा थांबले. तो आत येऊन बसला.

"झालं?" एवढंच म्हणाला, आणि गिअर टाकला.

आरसा

त्या तीन महिन्यांतल्या सातव्या दिवशी केतकीला लागलं. म्हणजे मी लावलं.

सुधीर रुवैसला साइटवर गेला होता. दुपारची वेळ. मी बाल्कनीच्या दाराशी उजेडात बसून हातातल्या आरशात बघत होते. आरसा जड होता, पितळी कडेचा. एका हाताने आरसा, दुसऱ्या हाताचं बोट गाठीवर. केतकी शाळेचा शर्ट इस्त्री करत होती.

"आई, स्टॉप टचिंग इट. डॉक्टर सेड नो."

मी बोट काढलं. थोड्या वेळाने पुन्हा गेलं.

"आई, स्टॉप."

"तू तुझं काम कर."

"यू डिड धिस टू युअरसेल्फ, यू नो. नोबडी डिड इट टू यू."

ते खरं होतं. सगळ्या घरात तेवढं एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. मी आरसा फेकला. तिच्या दिशेने नाही, तिलाच. नेम धरून. तो तिच्या डाव्या भुवईवर बसला आणि फरशीवर फुटला.

ती ओरडली नाही. तिने इस्त्री आधी उभी ठेवली, मग डोळ्यावर हात धरला. बोटांमधून रक्त खाली आलं, शर्टाच्या कॉलरवर, इस्त्रीच्या फडक्यावर. मी टॉवेल घेऊन धावले तेव्हा ती मागे सरकली. माझी मुलगी माझ्यापासून मागे सरकली. मग स्वतःच पुढे आली, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं.

क्लिनिकमध्ये चार टाके पडले. तिथल्या डॉक्टरने विचारलं कसं झालं.

"बाथरूम. आय स्लिप्ड," केतकी म्हणाली. हे सांगताना तिचा उघडा डोळा माझ्यावर होता.

मी मान डोलावली. सुधीरला फोनवर तेच सांगितलं.

त्या दिवसापासून मी माझा चेहरा बघायचा सोडला. आता मी तिचा बघायला लागले. ती माझ्या पोटची, कातडी माझी. टाके निघाले तेव्हा रेघ बारीक होती. तिसऱ्या आठवड्यात गुलाबी. सहाव्या आठवड्यात ती बोटाला लागायला लागली, पण केतकी मला बोट लावू देत नव्हती. मी ती झोपलेली असताना, जेवताना, टीव्ही बघताना दुरून बघायची. देवाला कधी काही न मागणारी मी त्याच्याशी भांडायला लागले. माझ्या दोन्ही गालांचं वाटोळं कर, पोरीचं सोड. हे मागताना लाज वाटायची, कारण फेकणारा हात देवाचा नव्हता.

पेज

कानामागचा वण फुगला. तांदळाएवढा, मग मटाराएवढा. डॉक्टर इम्तियाज म्हणाले, आता बाहेरून कापायचा विषयच संपला. तोंडाच्या आतून, गालाच्या आतल्या बाजूने जाऊन मोठ्या गाठी जेवढ्या निघतील तेवढ्या काढायच्या. आतली कातडी सहसा जाड वण धरत नाही. "पूरा नहीं निकलेगा. इन्शाल्लाह, आधा निकलेगा." मी हो म्हणाले. काही महिन्यांपूर्वी अर्धं म्हणणाऱ्याचा मी गळा धरला असता.

हॉस्पिटलात सात दिवस होते. पहाटे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तोंडात कापसाचे बोळे, लोखंडासारखी चव, चेहरा कलिंगडासारखा फुगलेला. बोलायला बंदी. शिव्या देता येत नाहीत हे मला सगळ्यात जड गेलं. सिस्टर लिसी तिच्या खोलीवरून तांदळाची कंजी आणायची, म्हणजे आपली पेजच, आणि कोमट करून चमच्याने गालाच्या कडेने सोडायची. "धीरे, चेची, धीरे." चेची म्हणजे ताई. पहिल्या दिवशी मी चमच्याला हात मारला. पेज तिच्या गणवेशावर सांडली. तिने तो पुसला आणि दुसरा चमचा भरला. त्यानंतर मी मुकाट्याने गिळलं.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता. सुधीर केतकीला घेऊन आला. ती पायाशी उभी राहिली. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले, माझं तोंड तपासलं, आणि वळताना त्यांना केतकीची भुवई दिसली. वण आता लाल होता आणि वर आला होता. ते वाकून बघायला लागले.

"ये कब हुआ, बेटा?"

"थर्टीन वीक्स. बाथरूम."

"गिरने से ऐसा नहीं कटता. किस चीज़ से लगा? काँच था? अंदर काँच रह गया हो तो इलाज अलग है. ठीक से बताओ."

सुधीर म्हणाला, "नळावर आपटली ना तू? बता दो अंकल को."

तिने फक्त केस भुवईवर ओढले. तिने तेरा आठवडे माझी बाजू सांभाळली होती आणि अजूनही सांभाळत होती. मी तोंडातला बोळा ओढून काढला. रक्त हनुवटीवर आलं. जीभ सुजलेली, शब्द अर्धे. पण मराठीतच आले.

"मी मारलं. आरशाने. काच होती."

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी सुधीरकडे बघितलं. सुधीर माझ्याकडे बघत होता. मग माझ्या नवऱ्याने ते वाक्य हिंदीत करून सांगितलं.

"इसने मारा है, सर. आईने से. काँच था."

डॉक्टरांनी ते फाईलमध्ये लिहिलं. पोलीस येतील म्हणून मी बरेच दिवस वाट बघितली. आले असते तर मी काही म्हटलं नसतं. सुधीर केतकीला घेऊन गेला आणि पुढचे दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मला घरी न्यायला आला. पुढे सात महिने तो केतकीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपला. मी आणि ती घरात एकट्या राहणार नाही अशी त्याने ड्युटी लावून घेतली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मी त्याच्या जागी असते तर मुलीला घेऊन कधीच निघून गेले असते.

भुवईत काचेचा एक कण होता. तीळ असतो त्याच्या अर्धा. तो काढला. वणावर लावायला डॉक्टरांनी एक पातळ पारदर्शक पट्टी दिली, रोज बारा तास. मी विचारलं कशाची. सिलिकॉनची, सिस्टर लिसी म्हणाली. मला हसू फुटलं आणि टाके ताणले गेले.

कुणी विचारलं तर

ज्यांच्या चेहऱ्यात असं काही घातलं गेलंय त्यांना एवढंच सांगेन. सुट्टीची वाट बघू नका, ज्या गावात आहात तिथे दाखवा. डॉक्टरने जुन्या वणांचं विचारलं तर जिथे जो असेल तो दाखवा, लाजू नका. आणि गालाला हात लावणारा तुमचाच हात दुसऱ्या कुणापर्यंत पोचतोय का, तेही बघा. हे तिसरं मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या उजव्या गालात एक गाठ आहे, डाव्यात दोन, आणि तो खड्डा. नोकरी मी सोडली. रागावर गोळ्या नसतात, पण मी एका बाईंकडे जाऊन बोलायला लागले, तीन वर्षं झाली. हात उठतो तेव्हा मी घराबाहेर पडते. अजून उठतो.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. केतकी आता अठराची. तिच्या भुवईतून एक जाडसर, चकचकीत रेघ जाते, तिथे केस येत नाहीत. ती पेन्सिलीने भरत नाही. प्रसाद वाटताना एका नव्या बाईंनी तिला विचारलं, "भुवईला काय झालं गं बाळ?"

केतकीने उत्तर दिलं, आणि चक्क मराठीत.

"आईने आरसा फेकून मारला होता."

सगळ्या थांबल्या. मग दोघीतिघी हसल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या, की मी आता म्हणेन, काय बाई ही चेष्टा. सुधीर पलीकडच्या खोलीतून दाराशी आला.

"चेष्टा नाही," मी म्हणाले. "ती चौदाची होती. मी नेम धरून मारला होता."

माझ्या हातात प्रसादाची वाटी होती आणि कुठे बसावं ते मला सुचेना. केतकी सोफ्यावर जरा सरकली आणि तिने शेजारी जागा केली.